माप लिहिलंय का, ते आधी बघा

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, फोनवर बघून स्वयंपाक करणाऱ्यांनी आपले प्रश्न पाठवावेत. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतची पत्रं आली. मी फोंड्यात आहारसल्ला देते. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये आता पाककृतींचा साठा असतो. मला ते मनापासून आवडतं. माणूस स्वयंपाकघरात शिरला की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी ही उत्तरं.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची. घर साखळीला, नोकरीसाठी पर्वरीत भाड्याने राहते. इतके दिवस बाहेरचं खाल्लं, आता स्वतः करायचं ठरवलंय. रोज रात्री 'हेल्दी' पाककृती बघते. एकीत किनवा, दुसरीत अव्होकाडो, तिसरीत ग्रीक योगर्ट. खाली कॅलरींचा तक्ता दिलेला असतो. तो बघून निवड करावी का? आणि विश्वास कुणावर ठेवू?

उत्तर : बाय, तक्त्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

बहुतेक ब्लॉगांवर तो तक्ता माणूस बनवत नाही. साहित्याची यादी सॉफ्टवेअरला दिली जाते. ते प्रत्येक जिन्नस एखाद्या परदेशी माहितीकोशात, बऱ्याचदा अमेरिकी सरकारच्या, शोधतं, बेरीज करतं आणि 'किती जणांसाठी' या आकड्याने भागतं. आता आपलं हुमण, म्हणजे माशांची नारळाची आमटी, घे. दोनशे ग्रॅम ओलं खोबरं वाटून घातलं, तर नुसत्या खोबऱ्याच्याच साडेसातशेच्या आसपास कॅलरी झाल्या. पाककृती चौघांसाठी म्हटली तर प्रत्येकाच्या वाट्याला १८५-१९० येतात, सहा जणांसाठी म्हटली तर १२५. वाटी तीच, हुमण तेच, लिहिणारीने एक आकडा बदलला की पदार्थ 'हलका' होतो. 'मीठ चवीनुसार' लिहिलं असेल तर ते मीठ हिशोबात धड येतच नाही. तळणीचं तेलही तसंच, कढईत किती राहिलं आणि भज्याने किती प्यायलं हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार? शिवाय 'कोकोनट' या नावाखाली त्याने सुकं किसलेलं खोबरं उचललं, तर वजनाला वजन कॅलरी दीडपट ते दुप्पट होतात.

म्हणून तक्ता शेवटी बघ. आधी बघ, लिहिणारी माप देते का. 'थोडं तेल', 'मूठभर काजू', 'तूप सढळ हाताने' असं असेल तर ती पाककृती चवीसाठी वाच, तब्येतीसाठी नको. 'तेल दोन चहाचे चमचे, तांदूळ १२० ग्रॅम, दोघांसाठी' असं लिहिणारी बाई कामाची. मापातही एक खाच आहे. अमेरिकी ब्लॉगवरचा कप म्हणजे २४० मिलिलिटर, मोठा चमचा १५ आणि चहाचा चमचा ५ मिलिलिटर. आपला चहाचा कप याच्या जेमतेम निम्मा भरतो. मापाच्या चमच्यांचा संच आणि स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा घे. किनव्याच्या दोन पाकिटांच्या पैशांत दोन्ही येतील.

विश्वास कुणावर, हे विचारलंस. आकड्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेवर. भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक त्यांनी २०१७ मध्ये नव्याने काढलं. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थ तपासले. ते फुकट वाचता येतं. भाषा इंग्रजी आणि मांडणी रुक्ष आहे, पण नाचणीत १०० ग्रॅममागे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पांढऱ्या तांदळात दहाच्याही आत, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आजीने दिलेलं तिझन (नाचणीची गोड पेज) आठवून हात आपोआप नाचणीच्या डब्याकडे जातो. याच संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारसूत्रं काढली. त्यात 'दिवसभराचं ताट' असं एक चित्र आहे, ते छापून ओट्यासमोर लाव. दोन हजार कॅलरींच्या दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, धान्य २५०, डाळी-अंडी-मासे मिळून ८५, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे आणि बिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य आणि डाळी कच्च्या वजनाने धरायच्या. माझ्याकडे येणाऱ्या गोंयकारांच्या ताटात धान्य याहून बरंच जास्त आणि भाजी चटणीएवढी असते.

पाककृतींसाठी, ज्याचा बाजार तुझ्या बाजारासारखा आहे त्याच्याकडे जा. 'आयीज रेसिपीज' हा कोकणी घरातल्या पदार्थांचा ब्लॉग आहे. तिथे अगदी रोजच्या, कुणी मुद्दाम लिहून ठेवत नाही अशा भाज्या-आमट्या सापडतात. मराठीतून वाचायचं तर 'चकली' हा ब्लॉग आहे. हाताची क्रिया डोळ्यांनी बघायची असेल तर 'मधुराज रेसिपी'चे व्हिडिओ बघ. पीठ किती सैल आणि फोडणी कधी तडतडते, हे वाचून कळत नाही. तरला दलाल यांच्या संकेतस्थळावर मधुमेह, रक्तदाब अशा गरजांप्रमाणे पाककृती वेगळ्या काढलेल्या आहेत, शोधायला सोपं पडतं. पदार्थ यांच्याकडून घे, तेल-मीठ-गोडाचं माप मात्र स्वतःच्या चमच्याने ठरव.

आणि अव्होकाडो? आवडला तर खा. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबड्या भाजीची (लाल माठाची) जुडी मिळते, तिच्यात १०० ग्रॅममागे दोनशेहून जास्त मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, आणि ती दहा मिनिटांत शिजते. पहिला आठवडा तीन पदार्थांवर काढ : तांबडी भाजी, मुगाची उसळ, एक अंड्याचा पदार्थ. हात बसला की चौथा.

प्रश्न : वय ५८, राहणार डिचोली. दोन महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. गोळ्या चालू आहेत. मुलगा पुण्याहून रोज काहीतरी वाचायला पाठवतो. 'भात पूर्ण बंद', 'कीटो करा, गोळ्या सुटतील'. भात सोडून माझं जेवण होत नाही. शीत-हुमण नसेल तर मी जेवलो असं मला वाटतच नाही. काय करू?

उत्तर : काका, मुलगा काळजीपोटी पाठवतो, त्याच्यावर रागावू नका. पण पहिली गोष्ट लगेच सांगते, कारण ती जिवाशी संबंधित आहे. गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता कीटो, म्हणजे पिष्ट जवळजवळ बंद करून चरबीवर भर देणारा आहार, सुरू करायचा नाही. तुमच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, तर पिष्ट एकदम तोडल्यावर रक्तात आम्ल साचण्याचा धोका वाढतो. आणि हे साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही होऊ शकतं, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर उलटा धोका : साखर एकदम खाली, घाम, थरथर, चक्कर. 'गोळ्या सुटतील' असं लिहिणाऱ्याने तुमची चिठ्ठी पाहिलेली नाही. मुलाला सांगा, लेख पाठवतोस तसा गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो डॉक्टरांना पाठव आणि विचार.

तुम्ही एकटे नाही, हेही सांगायला हवं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, आणि राज्यांमध्ये सर्वांत वर गोवा, २६.४ टक्के. म्हणजे प्रौढांमध्ये चारांत एक. मला हा आकडा अस्वस्थ करतो. आपलं जेवण मुळात वाईट नाही. शेतात राबणाऱ्या माणसाच्या भाताचा डोंगर तेवढाच राहिला आणि राबणं संपलं.

तेव्हा भात बंद नको, भात मोजा. शिजलेला भात मोजायला अवघड, म्हणून कच्चा तांदूळ वजन करा. दुपारी ६० ग्रॅमपासून सुरुवात करा. शिजल्यावर त्याच्या साधारण दीड वाट्या होतात. उकडा असेल तर उत्तम. उकडताना कोंड्यातली काही जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात आणि पांढऱ्या सुरयपेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) साखर सहसा थोडी सावकाश चढते. पण 'उकडा चालतो' म्हणून परात भरून घेतला तर काही उपयोग नाही, शेवटी तो तांदूळच. ताटात आधी भाजी वाढून घ्या. दोन वाट्या, आणि बटाट्याची नको. दोडकं, भेंडी, वाल, आगशीचं वांगं, जे असेल ते. मग तुमचा बांगडा, तळलेला नव्हे, हुमणातला किंवा तव्यावर चमचाभर तेलात भाजलेला. मग भात. आधी भाजी-मासे आणि शेवटी भात या क्रमाने जेवलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, आणि याला काही खर्च नाही.

सकाळची पेजही चालेल, पण पेजेसोबत लोणच्याची फोड एवढंच नको, वाटीभर मूग किंवा एक अंडं घ्या. पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, खात असाल तर पोदेराला (पाववाल्याला) विचारा, आत काय आहे. बाहेरून कोंडा भुरभुरलेली आणि आत सगळा मैदा, अशी पोई आता सर्रास मिळते. एक पोई खाल्ली तर त्या जेवणात पुन्हा भात घ्यायचा नाही, असा ताळा धरा.

जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा बघा आणि वहीत, काय खाल्लं त्याच्या शेजारी, लिहा. पंधरवड्याची वही डॉक्टरांना दाखवा. तुमच्या शरीराबद्दल त्या वहीएवढं खरं कुठलंही संकेतस्थळ सांगणार नाही. मुलाला लेखांऐवजी त्या वहीचा फोटो पाठवा, त्यालाही बरं वाटेल.

प्रश्न : आमच्या घरात खोबरेल तेलावरून रोज वाद. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर तेच खाल्लं. जाऊबाई वाचून सांगतात, ते अमृत आहे, सकाळी चमचाभर प्यावं. माझ्या भावाने पाठवलेल्या लेखात ते विष आहे. मी स्वयंपाक कशात करू? (काणकोण)

उत्तर : अमृतही नाही आणि विषही नाही. खोबरेल तेलातले सुमारे ८२ टक्के स्निग्ध पदार्थ संपृक्त (सॅच्युरेटेड) प्रकारचे असतात, हे लोण्याहूनही जास्त. 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल त्याने वाढतं, म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये ते वापरू नका असा सल्ला दिला. त्यावरून 'विष'वाले लेख निघाले. सासूबाईंचंही खोटं नाही. त्यांच्या तरुणपणी घरात तेल बाटलीतून थेंबाने यायचं, तळण चवथीला आणि दिवाळीला. आज रोज दोन पदार्थ तळले जातात.

ओलं खोबरं आणि खोबरेल एक धरू नका. खोबऱ्यात चोथा आहे, पाणी आहे. वाटपात घातलेलं खोबरं पदार्थाचा भाग होऊन येतं. तरीही त्यात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त चरबीच असते, म्हणून ज्या दिवशी आमटीत खोबरं, त्या दिवशी भाजीवर चून (खवलेलं खोबरं) नको. खतखत्याच्या (खोबऱ्याच्या वाटपातल्या मिश्र भाजीच्या) दिवशी सोलकढी खोबऱ्याच्या रसाची न करता फुटी कढी करा.

माझा नियम असा : फोडणीला शेंगदाणा, तीळ, मोहरी, सूर्यफूल यांतलं आलटून पालटून, आणि खोबरेल ज्या पदार्थाला त्याच्याशिवाय चव नाही त्याला, वरून एक चमचा. सकाळी पिणं पूर्ण बंद. तेलाच्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहा. मोठ्या माणसाला महिन्याला अर्धा लिटर, सगळी तेलं मिळून. खोबरं भरपूर खाणाऱ्या आपल्या घरांत मी याच्यावर जाऊ देत नाही. डबा लवकर संपला तर कुठलं तेल चांगलं हा वाद बाजूला ठेवून आधी कढईकडे बघा.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. डब्यात 'नाचणी कुकीज', 'मल्टिग्रेन' बिस्किटं देते. ती चांगली की नाही कसं ओळखायचं? (मडगाव)

उत्तर : पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम आहे. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पाम तेल असेल तर ते बिस्किटच, पुढे नाचणीचं चित्र कितीही मोठं असो. ज्या घटकाची जाहिरात पाकिटावर केली आहे त्याची टक्केवारीही लिहावी लागते. बारीक अक्षरात शोधा, 'नाचणी ६ टक्के' असं काही सापडेल. आठवड्यातून एकदा आवड म्हणून द्या. रोजच्या डब्याला नाचणीची आंबोळी, मुगाचं धिरडं, केळं, उकडलेला कणगा (कंद).

गूळ, मध, खजूर घालून 'साखर नाही' म्हणणाऱ्या पाककृतींनाही हाच न्याय. मधात सुमारे ८० टक्के साखराच असतात. मुलाच्या दातांना आणि आजोबांच्या मधुमेहाला तो फरक कळत नाही.

प्रश्न : जून-जुलैत मासेमारी बंद. जिमवाले प्रोटीन पावडर घ्यायला सांगतात, ब्लॉगही तेच सांगतात. (वास्को, वय ३१)

उत्तर : १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्यावर असतात. पण आपल्या माणसांनी पावसाळ्यासाठी पुरुमेताची, म्हणजे साठवणीची, सोय केव्हाच करून ठेवली आहे. कुळीथ आणि अळसांदे (चवळीच्या जातीचं कडधान्य) दोन्हींत १०० ग्रॅममागे २० ग्रॅमहून जास्त प्रथिनं आहेत. कुळथाचं पिठलं, अळसांद्यांचं तोणक, मुगागाठी, दोन अंडी, दह्याची वाटी. एका दिवसात एवढं बसतं आणि पुरतं. २०२४ च्या राष्ट्रीय सूत्रांतही प्रथिनांच्या पावडरी टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. जी संकेतस्थळं पावडरीची शिफारस करतात, त्यांच्या पानावर ती विकत घेण्याची कळ आहे का तेवढं बघ. असेल तर तो सल्ला नव्हे, दुकान.

सुक्या बांगड्याचं आणि सुक्या सुंगटाच्या (कोळंबीच्या) किसमुरीचं मात्र जपून. दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. खारं नुसतं धुऊ नको, भिजव, पाणी दोनदा बदल, आणि त्या दिवशी भाजीत मीठ निम्मं घाल. लोणचं आणि पापड त्या दिवशी ताटात नको.

प्रश्न : ताई, मी पेडण्याची. आई-आजीच्या पदार्थांचा मराठीतून ब्लॉग सुरू करते आहे. लोकांना तो खरंच उपयोगी पडावा असं वाटतं. काय लिहू, कसं लिहू?

उत्तर : तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला. आमच्या भागातल्या रानभाज्यांवर नीट लिहिलेलं फार कमी आहे, आणि ज्यांना त्या येतात त्या बायका आता सत्तरीत आहेत. आजीजवळ बस आणि ती टाकते ते प्रत्येक जिन्नस टाकण्याआधी वजन करून घे. ती चिडेल. तरी कर. 'एक नारळ' लिहू नको, नारळ लहान-मोठा असतो. 'ओलं खोबरं १५० ग्रॅम' लिही. तेल चमच्यात, मीठसुद्धा चमच्यात लिही, 'चवीनुसार' नको. किती जणांना पुरतं ते प्रत्यक्ष वाढून, मोजून लिही. तांदूळ कुठला, उकडा की सुरय. भाजी कुठल्या महिन्यात मिळते. टायकिळा (टाकळा) पहिल्या पावसानंतर कोवळा असतो तोवरच, पुढे निबर होतो. फागलां (कर्टुली) केव्हा येतात, तेही सांग.

क्रियेतलं जे घरात सगळ्यांना ठाऊक म्हणून कुणी बोलत नाही, तेच मुद्दाम लिहायचं. तेऱ्याच्या (रानटी अळवाच्या) पानांना खाज असते, कारण त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्यात आंबाडे किंवा सोलां (आमसुलं) घातल्याशिवाय आणि पुरेसं शिजवल्याशिवाय ती खाल्ली तर घसा धरतो. आजीला हे सांगावंसं वाटणार नाही. पण पर्वरीच्या फ्लॅटमध्ये एकटी स्वयंपाक करणाऱ्या मुलीला ते कोण सांगणार?

पानांचे फोटो दोन्ही बाजूंनी घे, देठासकट, शेजारी हात ठेवून, म्हणजे आकार कळेल. स्थानिक नावं जेवढी मिळतील तेवढी दे. आणि अळम्यांबद्दल (रानातल्या अळंब्यांबद्दल) लिहायचं ठरवलंस तर ओळखायच्या खुणा देऊ नकोस. फोटोवरून अळमी ओळखायला गेलेलं माणूस विषारी उचलून आणू शकतं. तिथे स्पष्ट लिही, जाणत्या माणसाने वारुळावरून काढून आणलेलीच घ्या.

कॅलरींचा तक्ता घालायचा की नाही, असं तू शेवटी विचारलं आहेस. सुरुवातीला घालू नकोस. वजनं खरी असली की हिशोब कुणालाही करता येतो. पहिल्या पाच पाककृती झाल्या की मला पाठव, मी राष्ट्रीय कोष्टकावरून आकडे काढून देईन, आणि कुठला आकडा कशावरून आला तेही पाककृतीखाली लिहू. फक्त त्यात तेऱ्याची भाजी हवी.